गाईंचें वांझपण आणि प्रयोगशाळेंतील प्राणी



गाय माजावर आली, तिला वळू दाखविला, आणि मालक निश्चिंत मनानें घरीं परतला. एकवीस दिवस लोटले आणि ती गाय पुन्हां हंबरूं लागली, म्हणजे शेतकरी "गाय उलटली" एवढेंच म्हणतो आणि दैवाला बोल लावून स्वस्थ बसतो. परंतु तीच गाय दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा उलटली, कधीं एकवीस दिवसांनीं तर कधीं महिना-सव्वा महिन्यानें माजावर येऊं लागली, आणि त्याच वळूकडे नेलेल्या शेजारच्या चार गाईंचीही तीच गत झाली, म्हणजे मात्र विचार करणें भाग पडतें. गाई दिसावयास धडधाकट असतात. चारा खातात, रवंथ करितात, अंगांत ताप नसतो. वळू तर कळपांतील सर्वांत तेजस्वी जनावर असतो. मग गाई गाभण राहत नाहींत त्या कां?

गाय न फळण्याचीं कारणें अनेक आहेत. अपुरा आहार, क्षारांची उणीव, माज ओळखण्यांतील चूक, अंडाशयाचे विकार हीं त्यांतील कांहीं होत. परंतु त्यांच्यांतच एक कारण असें आहे कीं, तें वळूबरोबर एका गोठ्यांतून दुसऱ्या गोठ्यांत जातें आणि कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. तें म्हणजे स्वल्पविरामासारखा वांकडा असा एक सूक्ष्म जंतु. जुन्या ग्रंथांत त्यास 'व्हिब्रिओ फीटस' असें म्हटलेलें आढळतें. १९६३ सालीं 'कॅम्पिलोबॅक्टर' ही नवी प्रजाति मानण्यांत आली, आणि तेव्हांपासून त्याचें नांव 'कॅम्पिलोबॅक्टर फीटस' असें पडलें. गाई-बैलांच्या जननेंद्रियांत वास करणाऱ्या त्याच्या पोटजातीस 'व्हेनेरिॲलिस' म्हणजे मैथुनजन्य असें विशेषण लाविलेलें आहे. ह्या रोगाचा अभ्यास शास्त्रज्ञांनीं लहान प्राण्यांवर कसा केला, त्या प्राण्यांनीं काय सांगितलें आणि काय सांगितलें नाहीं, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. वळूच्या शिश्नावरील त्वचेस बारीक घड्या व खळगे असतात. वय वाढत जातें तसतसे ते खोल होतात, आणि चार वर्षांपलीकडच्या वळूंत त्या जंतूला कायमचें बिऱ्हाड मिळतें. ह्या जंतूला प्राणवायु फार लागत नाहीं. हवेंत असतो त्याच्या चतुर्थांशाइतकाच त्याला मानवतो, आणि तशी जागा त्या खळग्यांत आयती सांपडते. वळूला त्यापासून कसलाही त्रास होत नाहीं. त्याचें वीर्य बिघडत नाहीं, त्याचा उत्साह कमी होत नाहीं. तो केवळ वाहक असतो. समागमाच्या वेळीं जंतु गाईच्या योनिमार्गांत उतरतो आणि कांहीं दिवसांत गर्भाशयापर्यंत पोंचतो. गर्भधारणा बहुधा होते, परंतु गर्भाशयाच्या सुजलेल्या अस्तरांत तो इवलासा गर्भ टिकत नाहीं. तो पंधरा-सोळा दिवसांच्या आंत नष्ट झाला तर गाय नेहमींच्या वेळीं माजावर येते. त्यानंतर नष्ट झाला तर माज लांबतो. शेतकऱ्याला दिसतो तो केवळ अनियमित माज. गर्भ गेला हें कोणालाच कळत नाहीं. क्वचित् एखादी गाय चौथ्या ते सातव्या महिन्याच्या सुमारास गाभडते. पुढें कांहीं महिन्यांत बहुतेक गाईंच्या ठिकाणीं प्रतिकारशक्ति उत्पन्न होते व त्या पुन्हां फळूं लागतात. परंतु तोंपर्यंत वर्षाचें वेत बुडालेलें असतें, आणि त्यांपैकीं कांहींच्या योनिमार्गांत जंतु लपून राहिलेला असतो.

आतां ह्या रोगाच्या शोधाचा इतिहास पाहूं, कारण त्यांतच आजच्या विषयाचें मर्म आहे. १९१३ सालीं इंग्लंडांत मॅकफॅडियन आणि स्टॉकमन ह्या दोन पशुवैद्यांनीं जनावरांच्या सांथीच्या गर्भपाताची चौकशी करितांना ह्या जातीच्या जंतूचें वर्णन केलें. पुढें अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ ह्या थोर जंतुशास्त्रज्ञास १९१८ सालीं गाभडलेल्या गाईंच्या गर्भावरणांत तसेच वांकडे जंतु आढळले, आणि १९१९ सालीं स्मिथ व टेलर ह्यांनीं मिळून त्यांना 'व्हिब्रिओ फीटस' हें नांव दिलें. 'फीटस' म्हणजे गर्भ. नांवांतच गर्भपात आला. त्यापुढें सुमारें तीस वर्षें हा मुख्यतः गाभडण्याचा रोग असें मानण्यांत येत होतें. गाभडलेला गर्भ डोळ्यांस दिसतो, त्याची तपासणी करितां येते. न राहिलेला गर्भ कोण कसा तपासणार? १९४९ सालीं श्योलेमा, स्टेगेंगा व टेर्पस्ट्रा ह्या डच संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, हा जंतु समागमानें पसरतो आणि त्याचें खरें काम गाईला वांझ करणें हें आहे. पुढें १९५९ सालीं बेल्जममधील फ्लोरां ह्यानें ह्या जंतूचे दोन प्रकार वेगळे केले. एक आंतड्यांत राहणारा आणि अधूनमधून गर्भपात घडविणारा, व दुसरा जननेंद्रियांतच राहून वांझपण आणणारा. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, १९४९ सालचा शोध कोणा सशानें किंवा उंदरानें सांगितला नाहीं. तो गाईनेंच सांगितला.

मग प्रयोगशाळेंत लहान प्राणी पाळावयाचे कशाला, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचें उत्तर गाईच्याच देहांत आहे. गाय मोठी, तिला जागा फार लागते, चारा फार लागतो. तिचा गर्भकाल सुमारें दोनशें ऐंशीं दिवसांचा, आणि एका वेताला वासरूं बहुधा एकच. ह्या रोगाच्या प्रयोगाकरितां तर वळू कधींही न पाहिलेल्या कालवडी लागतात, कारण एकदां संसर्ग होऊन गेलेली गाय अंशतः प्रतिकारक्षम झालेली असते. दहा-वीस कालवडी विकत घेणें, त्यांना महिनोगणती वेगळें ठेवणें आणि अखेरीस त्यांचीं गर्भाशयें तपासणें, हें थोड्याच संस्थांस परवडतें. उलट उंदराच्या मादीचा गर्भकाल वीस दिवसांच्या आसपास, आणि एका छोट्या खोलींत शेंकडों उंदीर राहूं शकतात. गुरांऐवजीं असा लहान प्राणी योजून त्याच्या ठिकाणीं रोगाचें प्रतिरूप निर्माण करावयाचें, ह्या पद्धतीस आपण 'प्रतिरूप-प्राण्याची पद्धति' म्हणूं.

ही पद्धति पुष्कळदां फळास आलेली आहे. बुळकांड्या ह्या रोगाचें नांव जुन्या शेतकऱ्यांच्या अंगावर कांटा आणीत असे. १९२० नंतरच्या दशकांत मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेंत एडवर्ड्स ह्या शास्त्रज्ञानें त्या रोगाचें विष एका बकऱ्यांतून दुसऱ्या बकऱ्यांत असें वारंवार नेऊन सौम्य केलें आणि त्यापासून गुरांसाठीं लस सिद्ध केली. ज्या संस्थेची ही प्रयोगशाळा, तिचा आरंभ १८८९ सालीं आपल्या पुण्यांतच झाला होता. पुढें अधिक चांगल्या लसी निघाल्या आणि २०११ सालीं बुळकांड्या पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. गर्भपाताच्या दुसऱ्या एका रोगांतही, म्हणजे ज्याचा जंतु डेन्मार्कमधील बँग ह्यानें १८९७ सालीं शोधून काढला त्या रोगांत, गिनीपिग हा प्राणी उत्तम साक्षीदार ठरला. ह्याच थिओबाल्ड स्मिथनें फेबियन ह्याच्यासह १९१२ सालीं त्या जंतूचे गिनीपिगाच्या शरीरावर होणारे परिणाम वर्णन केले होते. संशयित दूध किंवा स्राव गिनीपिगाला टोंचावा आणि कांहीं आठवड्यांनीं त्याची प्लीहा पाहावी, ही निदानाची एक मान्य रीत होऊन बसली. तेव्हां आपल्या वांकड्या जंतूच्या बाबतींतही शास्त्रज्ञ प्रथम गिनीपिगाकडेच वळले ह्यांत नवल नाहीं.

१९५० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील संशोधकांनीं गाभण गिनीपिगांना हा जंतु टोंचून पाहिला. गिनीपिगाचा गर्भकाल सुमारें अडुसष्ट दिवसांचा, म्हणजे एवढ्या लहान प्राण्यास पुष्कळच लांब असल्यामुळें गर्भावर काय घडतें हें पाहण्यास अवधि मिळतो. टोंचलेले जंतु मातेच्या शरीरांतून वारेमधून गर्भांत पोंचले, माद्या गाभडल्या, आणि पडलेल्या गर्भांतून तेच जंतु पुन्हां वाढवितां आले. हॅम्स्टरवर आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावरही असे प्रयोग झाले. ह्या रीतीचें महत्त्व आजही संपलेलें नाहीं. मेंढ्यांमध्यें गर्भपात घडविणारा 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय' हा जवळचा जंतु किती घातक आहे हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंतील आयोवा येथें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत गाभण गिनीपिगच वापरलेले आहेत.

परंतु गिनीपिगाची साक्ष नीट ऐकली पाहिजे. तो सांगतो तें हें कीं, जंतु रक्तांत शिरला तर वारेंतून गर्भापर्यंत जाऊं शकतो आणि गर्भ मारूं शकतो. जंतु समागमानें कसा उतरतो, योनिमार्गांत महिनोगणती कसा टिकतो, आणि दहा-पंधरा दिवसांचा गर्भ कसा हरपतो, हें तो सांगत नाहीं. ह्याचें एक कारण त्याच्या शरीररचनेंतच आहे. गिनीपिगाच्या मादीचें योनिद्वार एका पातळ पडद्यानें बंद असतें, आणि तो पडदा माजाच्या व प्रसूतीच्या वेळींच उघडतो. शिवाय गिनीपिगाच्या वारेंत मातेचें रक्त गर्भाच्या ऊतींस प्रत्यक्ष भिडतें. गाईंत मात्र मातेचें रक्त आणि गर्भ ह्यांच्यामध्यें गर्भाशयाच्या अस्तराचा थर कायम राहतो. दार निराळें आणि भिंतही निराळी. गिनीपिगाला पोटांत जंतु टोंचून जें दिसतें तें गाईच्या क्वचित् होणाऱ्या गर्भपाताशीं जुळतें, तिच्या नित्याच्या वांझपणाशीं जुळत नाहीं. ज्या गैरसमजांत तीस वर्षें गेलीं, तोच गैरसमज केवळ गिनीपिगावर भिस्त ठेवणाऱ्यास पुन्हां होईल.

म्हणून पुढें उंदराच्या मादीचा विचार झाला. तिच्या योनिमार्गांत जंतु सोडतां येतात, आणि रोज स्राव घेऊन ते टिकले कीं नाहीं हें पाहतां येतें. परंतु येथेंही एक अडचण आहे. उंदराच्या मादीचें ऋतुचक्र चार-पांच दिवसांचें असतें. चक्राबरोबर योनीचें अस्तर बदलतें, पांढऱ्या रक्तपेशींची धाड येते, आणि बाहेरचा जंतु हुसकावला जातो. ह्यावर उपाय म्हणून मादीला माजाचें अंतःस्रावी द्रव्य, म्हणजे ईस्ट्रोजन देऊन, तिला बराच काळ माजाच्याच अवस्थेंत ठेवतात. माणसांतील परम्याच्या जंतूचें असें प्रतिरूप अमेरिकेंत १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. गाईंचा दुसरा एक मैथुनजन्य रोग ट्रायकोमोनास ह्या आदिजीवापासून होतो. त्याच्यासाठींही १९९० नंतरच्या दशकांत हीच युक्ति योजण्यांत आली. आपल्या जंतूवरही उंदराच्या मादींत असे प्रयोग झालेले आहेत. लस दिलेल्या माद्यांतून जंतु लवकर जातो कीं काय, एखादें औषध त्याला हुसकून लावतें कीं काय, असे नेमके प्रश्न त्यांत विचारतां येतात.

उंदरानें आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. ह्या जंतूच्या अंगावर प्रथिनाचें एक चिलखत असतें. मार्टिन ब्लेझर आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९० च्या सुमारास चिलखत असलेले व नसलेले जंतु उंदरांस देऊन तुलना केली. हे जंतु फीटस जातीचे असले तरी अभ्यास माणसांच्या रोगाच्या दृष्टीनें चालला होता. चिलखतधारी जंतु रक्तांत टिकून राहत आणि उंदीर मरत. चिलखत नसलेले जंतु बरेच निरुपद्रवी ठरत. रक्तांत जंतूचा नाश करणारीं जीं द्रव्यें आहेत, तीं ह्या चिलखतामुळें जंतूला चिकटत नाहींत. ह्याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, जंतु आपल्या जनुकांची उलटापालट करून ह्या चिलखताचें रूप बदलूं शकतो. गाईंत मात्र हें रूपांतर त्याहून आधींच दिसून आलें होतें. १९७५ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, संसर्ग झालेल्या गाईंत जंतूचें बाह्य स्वरूप कालांतरानें बदलत जातें. शरीर एका वेषास ओळखावयास शिकलें कीं जंतु दुसरा वेष घेतो. वेष बदलतो हें गाईनें सांगितलें, आणि चिलखताचें सामर्थ्य किती हें उंदरानें सांगितलें. दोन साक्षी अशा एकमेकींस पूरक ठरल्या.

सशाचें काम त्याहून मर्यादित परंतु उपयुक्त आहे. लशीची प्रत तपासावयाची असतां ती सशाला टोंचून त्याच्या रक्तांत किती प्रतिद्रव्यें उत्पन्न झालीं हें मोजतात. पण रक्तांतील प्रतिद्रव्यें आणि गाईच्या योनिमार्गांतील संरक्षण ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत. नैसर्गिक संसर्गांत गाईच्या योनिमार्गांत मुख्यतः एका जातीचीं प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात, आणि गर्भाशयांत दुसऱ्या जातीचीं. गर्भाशय लवकर मोकळें होतें, योनिमार्ग मात्र फार दिवस जंतु बाळगतो, ह्याचें एक कारण हेंच आहे. १९७० नंतरच्या दशकांत कॉर्नेल येथेंच असें आढळून आलें कीं, गाईला कातडीखालीं टोंचलेली लस रक्तांतील प्रतिद्रव्यें योनिमार्गांतही आणते, आणि झालेला संसर्गसुद्धां बरा करूं शकते. लस रोग होण्यापूर्वीं द्यावयाची, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. येथें ती औषधही ठरली. हा निष्कर्ष सशावरून निघाला नसता, त्याकरितां कालवडीच लागल्या.

आणि वळूचें काय? सगळ्या रोगाचें मूळ त्या खोल खळग्यांत आहे, पण त्या खळग्यांची जागा घेईल असा लहान प्राणी प्रयोगशाळेंत रूढ झालेला नाहीं. वर्षानुवर्षें निरोगी राहून रोग वाटीत फिरणारा वाहक, ही अवस्था वळूंतच पाहावी लागते. पूर्वीं संशयित वळूची खात्रीची परीक्षा म्हणजे त्याला निर्लेप कालवडी दाखवून नंतर त्यांच्या स्रावांत जंतु सांपडतो कीं नाहीं हें पाहणें, अशीच होती. तेथें कालवड हाच प्रयोगाचा प्राणी होता. आतां त्वचेच्या घड्यांतील स्राव धुऊन घेऊन, तो विशिष्ट वायुमिश्रणांत वाढवून, किंवा त्यांतील जनुकद्रव्य ओळखून निदान करितां येतें.

आतां एवढ्या हकीकतीचें सार काय? प्रतिरूप-प्राणी खरा कीं खोटा, असा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणत्या प्रश्नाचें उत्तर देण्यास पात्र आहे, हें विचारलें पाहिजे. जंतु वारेंतून जातो काय, असें विचारावयाचें असल्यास गिनीपिग घ्यावा. योनिमार्गांत लस कांहीं परिणाम करिते काय, ह्याची पहिली चांचणी उंदरावर करावी. लशीचे दोन घाणे सारख्याच प्रतीचे आहेत काय, हें सशाला विचारावें. परंतु गाय फळेल काय, ह्या प्रश्नाचें शेवटचें उत्तर गाईखेरीज कोणी देऊं शकत नाहीं. ज्यानें प्रश्न न ठरवितां प्राणी निवडला, त्यानें पैसा तर दवडलाच, पण प्राण्यांना दिलेला त्रासही व्यर्थ घालविला.

हा शेवटचा मुद्दा लहान नाहीं. १९५९ सालीं रसेल आणि बर्च ह्या इंग्रज लेखकद्वयानें प्रयोगशाळेंतील प्राण्यांविषयीं तीन नियम सांगितले: जेथें प्राण्यावांचून काम भागेल तेथें प्राणी घेऊंच नये, घ्यावा लागला तर शक्य तितके थोडे घ्यावे, आणि त्यांना होणाऱ्या यातना कमीत कमी कराव्या. आपल्या देशांतही १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यान्वयें अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तजवीज झालेली आहे. गाईच्या गर्भाशयाच्या अस्तरांतील पेशी कांचेच्या बशींत वाढवून त्यांवर जंतूचा परिणाम पाहणें आतां शक्य झालें आहे, आणि तेवढ्यापुरता तरी उंदीर वांचतो. पण बशींतल्या पेशींना माज येत नाहीं, आणि त्यांच्यापाशीं वळूही जात नाहीं. त्यांची साक्ष आणखी अपुरी, हें तेथेंही विसरतां कामा नये.

श्रोत्यांपैकीं जे गाई पाळतात, त्यांना शेवटीं दोन गोष्टी सांगतों. एकाच वळूकडे नेलेल्या अनेक गाई वारंवार उलटूं लागल्या, तर गाईंना दोष देण्यापूर्वीं वळूची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी. तो दिसावयास कितीही देखणा असो, त्याच्या रूपावरून कांहींच ठरत नाहीं. दुसरें असें कीं, विश्वासाच्या केंद्रांतील, तपासलेल्या वळूचें व प्रतिजैविक औषधें घातलेलें वीर्य वापरून कृत्रिम रेतन केलें, तर ह्या रोगाची सांखळी तेथेंच तुटते. गांवांगांवांतून वळू उसना नेण्याची चाल ह्या रोगाच्या फार सोयीची आहे, ती मात्र सोडली पाहिजे. एवढा साधा सल्ला सिद्ध होण्यास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि त्यासाठीं कित्येक कालवडींना, गिनीपिगांना व उंदरांना आपले प्राण द्यावे लागले. तो आचरणांत आणणें एवढेंच आपल्या हातीं आहे.